शिलकी लोकरीचे विणकाम

शिलकी लोकरीचे विणकाम : स्वेटर, टोपडी, मोजे इ. वस्तू विणून झाल्यावर उरलेल्या किंवा जुन्या वस्तू उसवून मिळालेल्या लोकरीपासून दोन सुयांवर वा क्रोशाच्या सुईने ऊबदार वस्तू तयार करण्याची हस्तकला. मफलर, कानटोप्या, हातमोजे, पायमोजे, शाली, बाळाची दुपटी, आसने व जोडकामाची पांघरुणे या तिच्या प्रमुख वस्तू होत. मराठी व्यवहारात ‘लोकर’ हा शब्द मेंढीच्या लोकरीप्रमाणेच ॲक्रिलिक व मिश्र तंतूंच्या विणकामाच्या सुतालाही लावतात. प्रस्तुत नोंदीत तो याच व्यापक अर्थाने वापरला आहे. जेथे प्राणिज तंतूच अभिप्रेत आहे, तेथे ‘अस्सल लोकर’ असे म्हटले आहे.

शिलकी साहित्याचा उपयोग बहुतेक सर्व गृहोद्योगांत होतो. महाराष्ट्रातील गोधडी वा वाकळ ही जुन्या लुगड्याधोतरांच्या तुकड्यांपासूनच शिवली जाते [⟶ गोधडी]. परंतु कापडाचा तुकडा तुकडाच राहतो. तो दुसऱ्याला जोडता येतो, मात्र त्यातून मूळचे सूत परत मिळवणे व्यवहारात शक्य नसते. विणलेल्या लोकरीचे तसे नाही. ती उसवली की पुन्हा अखंड सूत हाती येते. काटकसर हा या कलेचा बाहेरून लाभलेला गुण नसून तिच्या टाक्याच्या रचनेतच तो आहे. त्या रचनेच्या मर्यादा लक्षात न घेता निरनिराळी सुते एकत्र केल्यास मात्र श्रम व लोकर ही दोन्ही वाया जातात.

विणीची रचना : मागावरील कापडात ताणा व बाणा असे धाग्यांचे दोन संच एकमेकांना काटकोनात छेदतात. सुयांवरील विणकामात धागा एकच असतो. तो फाशांच्या ओळींनी पुढे जातो व प्रत्येक फासा त्याच्या वरच्या ओळीतील फाशाने धरून ठेवलेला असतो. फासा पुढून ओढला की सुलट टाका व मागून ओढला की उलट टाका होतो. वस्तुतः एकाच टाक्याच्या या दोन बाजू आहेत. एक टाका सुटला की त्याखालचे सर्व टाके क्रमाने सुटत जातात. हा विणीचा दोष मानला जातो, पण वस्तू उसवून सूत परत मिळते तेही याच कारणाने. फासे वाकू व ताणू शकत असल्याने ही वीण लवचिक असते. त्यामुळे टोपी, मोजे इ. अंगाला बसणाऱ्या वस्तूंसाठी ती विशेष उपयुक्त ठरते.

क्रोशाकामात टोकाशी आकडी असलेली एकच सुई वापरतात. तीत प्रत्येक टाका तेथल्या तेथे पुरा होतो व सुईवर सामान्यतः एकच फासा शिल्लक राहतो. त्यामुळे काम कोठेही थांबवता येते, कोणत्याही दिशेला वळवता येते आणि प्रत्येक फेरीला रंग बदलता येतो. साखळी व तिच्यावर उभारलेले कमीअधिक उंचीचे खांब हे तिचे मूळ घटक आहेत. अगदी लहान तुकड्यांसाठी क्रोशाकाम अधिक सोयीचे असले, तरी तेवढ्याच क्षेत्रफळासाठी त्याला सामान्यतः सुयांच्या विणीपेक्षा अधिक लोकर लागते व वीण जाड होते. सुयांचे विणकाम यंत्राने करता येते, परंतु क्रोशाचे खरे टाके अद्यापि हातानेच घालावे लागतात. बाजारातील ‘क्रोशे’ यंत्रावरचे कापड हे उभ्या धाग्यांच्या निराळ्या यांत्रिक विणीचे असते.

इतिहास : सुयांच्या विणकामापूर्वी एका नेढ्याच्या सुईने फासे गुंफण्याची पद्धत प्रचलित होती. ईजिप्तमध्ये सापडलेले, अंगठ्यासाठी वेगळा भाग असलेले सु. तिसऱ्या ते पाचव्या शतकांतील लोकरी मोजे या पद्धतीचे आहेत. तीत धाग्याचे संपूर्ण टोक प्रत्येक फाशातून ओढून घ्यावे लागते. त्यामुळे धागा आखूडच घ्यावा लागे व तो पुनःपुन्हा जोडावा लागे. अशी वीण सहजासहजी उसवतही नाही. खऱ्या विणकामाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने नमुनेही ईजिप्तमधीलच असून ते सु. अकराव्या ते चौदाव्या शतकांतील आहेत. त्यांत निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचा समावेश होतो. स्पेनमधील बर्गोसजवळच्या लास वेल्गास मठात राजघराण्याच्या थडग्यांत तेराव्या शतकातील रेशमी विणीच्या उशा मिळाल्या आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. तरीही हातविणकाम पुढे कित्येक शतके यूरोपातील ग्रामीण कुटुंबांच्या उपजीविकेचे एक साधन राहिले.

क्रोशाकाम त्या मानाने अलीकडचे आहे. त्याचे ज्ञात असलेले सर्वांत जुने छापील नमुने १८२३ च्या सुमारास पेनेलोपे या डच नियतकालिकात आले. आयर्लंडमध्ये १८४५ पासून पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाच्या लेसने अनेक कुटुंबांना आधार दिला. मध्यापासून फेऱ्याफेऱ्यांनी वाढणारा रंगीत चौकोन, म्हणजे ज्याला इंग्रजीभाषक देशांत ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात तो, १८८५ मध्ये अमेरिकेतील प्रेअरी फार्मर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिलकी लोकरीच्या पांघरुणाचा हा आजही सर्वांत परिचित नमुना आहे.

भारतात सुयांचे विणकाम व क्रोशाकाम यांचा प्रसार मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून व यूरोपीय कुटुंबांच्या संपर्काने झाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी देशातील अनेक स्त्रियांनी सरहद्दीवरील जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले. महाराष्ट्रातील हिवाळा बहुतेक भागांत सौम्य असल्याने येथे विणकाम प्रामुख्याने तान्ह्या मुलांची टोपडी, मोजे व स्वेटर आणि वृद्धांच्या कानटोप्या व मफलर यांच्यापुरते राहिले. घरांत उरणारी लोकरही त्यामुळे थोड्या थोड्या वजनाची व फिक्या रंगांची असते. तोरणे, आसने व बसकरे यांसाठी ती वापरण्याची प्रथा जुनी आहे.

काटकसर ही सक्तीची झाली, तेव्हा या कलेचे महत्त्व विशेष प्रत्ययास आले. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांचे नियंत्रित वाटप होते व विणकामाची लोकरही त्यात अंतर्भूत होती. ‘मेक डू अँड मेंड’ (आहे त्यात भागवा व दुरुस्त करा) ही सरकारी पुस्तिका १९४३ मध्ये निघाली. जुने स्वेटर उसवून त्यांच्या लोकरीचे नवे कपडे विणणे हा त्या काळी घरोघरचा परिपाठ होता.

उसवणे व पिंजणे : जुन्या लोकरी कापडापासून पुन्हा सूत काढण्याची औद्योगिक पद्धत निराळी आहे. इंग्लंडमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरी चिंध्या यंत्राने पिंजून त्यांपासून ‘शॉडी’ नावाचे सूत तयार केले. हरयाणातील पानिपत हे या उद्योगाचे मोठे केंद्र असून तेथील स्वस्त कांबळी आपद्ग्रस्तांच्या मदतकार्यात वापरली जातात. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात. त्यामुळे शॉडीचे सूत मूळच्या सुताहून कमकुवत असते व त्यात बहुधा नवे तंतू मिसळावे लागतात. हाताने उसवलेल्या लोकरीत मात्र तंतूंची लांबी व सुताचा पीळ जवळजवळ कायम राहतो.

प्रत्येक स्वेटर उसवण्याजोगा असतोच असे नाही. ज्याचे भाग विणतानाच आकार देऊन मग कडांना शिवलेले असतात, त्यातून अखंड सूत निघते. विणलेल्या कापडातून कापून यंत्राने शिवण घातलेल्या स्वेटरची प्रत्येक ओळ कडेला तुटलेली असते व त्यातून वीतभर लांबीचे तुकडेच हाती येतात. शिवणीची आतील बाजू पाहिल्यास हा भेद चटकन कळतो. घट्ट आटलेली अस्सल लोकर तर उसवतच नाही, कारण तिच्या तंतूंवरील खवले एकमेकांत गुंतून बसलेले असतात [⟶ लोकर].

उसवण्यास टाके जेथे बंद केले असतील तेथून प्रारंभ करतात. निघालेले सूत खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लड करतात व ती चार ठिकाणी सैलसर बांधतात. नंतर ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने न चोळता धुऊन, खाली थोडे वजन टांगून, सावलीत वाळवतात. यामुळे जुन्या टाक्यांचे वळण निघून जाते. वळण न काढता विणल्यास टाके असमान पडतात व पहिल्या धुण्यानंतर वस्तूचे माप बदलते.

लोकरीची पारख : उरलेल्या लोकरीवरील चिठ्ठी सहसा हरवलेली असते. म्हणून तिचा तंतू व जाडी या दोन गोष्टी प्रथम ठरवाव्या लागतात.

तंतू ओळखण्यासाठी लहानसा तुकडा चिमट्यात धरून, जवळ पाणी ठेवून, जाळून पाहतात. अस्सल लोकर कष्टाने जळते, ज्योत दूर नेताच बहुधा विझते, तिला केस जळल्याचा वास येतो व तिची राख बोटांनी सहज चुरडते. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ करडी राख होते. ॲक्रिलिक वितळत जळते व मागे टणक काळा मणी उरतो. मिश्र सुतात ही लक्षणे एकत्र दिसतात.

या परीक्षेचे महत्त्व वस्तू धुण्याच्या वेळी कळते. प्रक्रिया न केलेली अस्सल लोकर गरम पाणी, साबण व घुसळण यांनी आटते. ॲक्रिलिक आटत नाही, पण तापलेल्या इस्त्रीने कायमचे चपटे व लुळे होते. जोडकामाच्या पांघरुणात ॲक्रिलिकच्या चौकोनांत अस्सल लोकरीचे दोनचार चौकोन बसवले, तर पहिल्याच गरम धुण्यात ते आक्रसतात आणि शेजारच्या विणीला ओढून सगळे पांघरूण वेडेवाकडे होते. म्हणून एका वस्तूत एकाच प्रकारे धुता येणारी सुतेच वापरावीत, हा या कामाचा पहिला नियम होय. गडद लाल वा निळ्या लोकरीचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबला असता रंग सुटतो की नाही हेही आधीच कळते.

जाडी मोजण्यासाठी सूत पट्टीभोवती न ताणता शेजारीशेजारी गुंडाळतात व २·५ सेंमी. अंतरात किती वेढे बसतात ते मोजतात. ज्यांचे वेढे सारखे भरतात ती सुते एकत्र विणता येतात. बारीक सूत दुहेरी घेतल्यास ते जाड सुताच्या जोडीला बसते. दोन निरनिराळ्या रंगांचे बारीक धागे एकत्र घेतल्याने येणारी ठिपकेदार छटा शिलकी कामात पुष्कळदा मुद्दाम साधली जाते. पदरांच्या संख्येवरून (दोन प्लाय, चार प्लाय इ.) जाडी निश्चित कळत नाही, कारण पदर स्वतःच कमीअधिक जाडीचे असू शकतात.

लोकरीचा हिशेब : नव्या लोकरीच्या कामात आधी वस्तू ठरते व मग लोकर आणली जाते. शिलकी कामात हा क्रम उलटा असतो. त्यामुळे हिशेब लांबीपेक्षा वजनाने करणे सोयीचे पडते. उदा., २० सेंमी. बाजूचा नमुन्याचा चौकोन १८ ग्रॅ. भरला, तर १०० × १२० सेंमी. पांघरुणासाठी असे ३० चौकोन, म्हणजे ५४० ग्रॅ. लोकर लागेल. जोडकाम व किनार यांची लोकर वेगळी धरावी लागते. सरळ विणीच्या एका ओळीस साधारणतः रुंदीच्या तीन ते चार पट लांबीचे सूत लागते. तेवढे शिल्लक नसल्यास ओळीच्या मध्यावर जोड येऊ नये म्हणून कडेलाच दुसरे सूत जोडतात.

किती वीण होईल याचा अंदाजच नसेल, तर चौकोन कोपऱ्यापासून तिरपा विणतात. दोनतीन टाक्यांनी प्रारंभ करून प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका वाढवतात. गुंड्याचे वजन निम्मे झाले की त्याच रीतीने टाके कमी करू लागतात. अशा चौकोनाला लोकर कधीही अपुरी पडत नाही.

फेऱ्यांनी वाढणाऱ्या क्रोशाच्या चौकोनाचा हिशेब याहून वेगळा आहे. त्यात तीन खांबांचा एक पुंजका धरल्यास पहिल्या फेरीत ४, दुसरीत ८, तिसरीत १२ व चौथीत १६ पुंजके येतात. चार फेऱ्यांच्या एकूण ४० पुंजक्यांपैकी १६, म्हणजे ४० टक्के, एकट्या शेवटच्या फेरीत असतात. म्हणून लहान तुकडे आतील फेऱ्यांत खपवतात आणि शेवटची फेरी सर्व चौकोनांना एकाच रंगाची देतात. काळा, पांढरा वा गडद तपकिरी असा हा समान रंग आतील विसंगत रंगांना एकत्र बांधतो. त्याची लोकर सर्वाधिक लागत असल्याने तेवढी हाताशी आहे की नाही हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहावे लागते. निव्वळ शिलकीतून होणारे पांघरूण बहुधा येथेच अडते.

प्रमुख वस्तू : (१) मफलर : साधारण १५ ते २० सेंमी. रुंद व १५० सेंमी. लांब. दोन्ही बाजू दिसत असल्याने सर्व ओळी सुलट विणतात. त्यामुळे कडा वळत नाहीत व रंगांचे आडवे पट्टे सोपे जातात. (२) कानटोपी : प्रौढाच्या डोक्याचा घेर साधारणतः ५४ ते ५८ सेंमी. असतो. टोपी त्याहून सु. ५ सेंमी. कमी घेराची विणतात, म्हणजे ती ताणून बसते. १० सेंमी.मध्ये २२ टाके बसत असल्यास ५० सेंमी. घेरासाठी ११० टाके लागतात. खालची पट्टी एक सुलट, एक उलट अशी लवचिक घेतात. (३) हातमोजे : फक्त अंगठा वेगळा ठेवलेला मोजा पाचही बोटे वेगळ्या असलेल्या मोज्याहून अधिक ऊबदार असतो, कारण त्यात बोटे एकमेकांना ऊब देतात. विणण्यासही तो सोपा असून लोकरही कमी लागते. (४) पायमोजे : टाच व चवडा येथे झीज अधिक असल्याने तेथे सुताबरोबर नायलॉनचा बारीक धागा घेतात. (५) पांघरूण : पट्ट्या वा चौकोन वेगवेगळे विणून शेवटी जोडतात. त्यामुळे काम सुटसुटीत राहते व अनेक जणांना ते वाटून घेता येते.

वस्तूची ऊब मुख्यतः विणीत अडकलेल्या स्थिर हवेमुळे असते. सूत जितके फुगीर व वीण जितकी न दाबलेली, तितकी हवा अधिक धरली जाते. मात्र फार सैल विणीतून वारा शिरतो. अस्सल लोकर स्वतःच्या वजनाच्या सु. ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही स्पर्शाला ओली लागत नाही. ॲक्रिलिक फारच थोडे बाष्प शोषते, परंतु ते हलके, स्वस्त व धुण्यास सोपे असते.

जोड व टोके : गाठी विणीत टोचतात व कालांतराने सुटून पुढे येतात. म्हणून जोडाच्या ठिकाणी १० ते १५ सेंमी. टोक सोडून ते बोथट सुईने विणीच्या मागील बाजूस दोन दिशांना ओवून टाकतात. प्रक्रिया न केलेल्या अस्सल लोकरीची दोन टोके विरळ करून, एकमेकांवर ठेवून, ओलवून तळहातांवर जोराने चोळली असता त्यांचा एकजीव जोड होतो. जिच्या आटण्याने वस्तू बिघडते, त्याच गुणाचा हा उपयोग होय. शिलकी कामात टोके फार असल्याने ती प्रत्येक चौकोन संपताच ओवणे इष्ट असते. शेवटावर ठेवलेले हे कंटाळवाणे काम पुष्कळदा पुरेच होत नाही.

तान्ह्या मुलांच्या वस्तू : अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या अर्भकांच्या डोक्यावाटे शरीरातील उष्णता लवकर जाते. म्हणून त्यांच्या परिचर्येत, तसेच १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेल्या ‘कांगारू’ पद्धतीत, टोपडे व मोजे यांना स्थान आहे. एका टोपड्याला अगदी थोडी लोकर पुरत असल्याने शिलकी गुंड्यांचा हा सर्वांत हितकर उपयोग ठरतो. त्यासाठी मऊ, केस न सुटणारे व वारंवार धुता येणारे सूत निवडतात. आतील बाजूस रंगीत धाग्यांचे लांब लोंबते वेढे ठेवू नयेत, कारण त्यांत किंवा मोठ्या छिद्रांच्या जाळीत बाळाची बोटे अडकतात. गोंडे, मणी व लांब नाड्याही वर्ज्य समजाव्यात. एक वर्षाखालील बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सुटे पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. दुपटे बाळ जागे व कोणाच्या तरी देखरेखीखाली असताना वापरावे.

साठवण व निगा : कसरीच्या अळ्या अस्सल लोकरीतील केराटीन हे प्रथिन खातात. घाम वा अन्नाचे डाग असलेल्या लोकरीकडे त्या विशेष आकृष्ट होतात. म्हणून लोकर धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद डब्यात ठेवतात व पावसाळ्यानंतर उन्हात झटकतात. जुन्या वस्तूंतून काढलेली लोकर इतर साठ्यात मिसळण्यापूर्वी काही दिवस वेगळी ठेवावी. गुंडे सैल वळावेत. घट्ट वळल्याने सूत ताणलेल्या स्थितीत राहते व विणलेली वस्तू धुतल्यावर आटल्यासारखी होते. तयार वस्तू टांगून न वाळवता आडवी पसरून वाळवतात, कारण ओल्या विणीचे वजन फासे लांबवते. तंतूचा प्रकार व वजन लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक गुंड्याबरोबर ठेवल्यास पुढील पारख वाचते.

सामाजिक उपयोग : चौकोनांची वाटणी करता येत असल्याने ही कला सामुदायिक कामास अनुकूल आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉर्म अप अमेरिका’ या उपक्रमात स्वयंसेवक ७ × ९ इंचांचे तुकडे विणून पाठवतात व असे ४९ तुकडे जोडून गरजूंसाठी एक पांघरूण होते. चेन्नई येथे ३१ जानेवारी २०१६ रोजी अनेक स्त्रियांनी विणलेले तुकडे जोडून ११,००० चौ. मी.हून अधिक क्षेत्रफळाचे क्रोशाचे पांघरूण तयार करण्यात आले व त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. अशा कामात आकार व सुताची जाडी यांचा नियम आधीच ठरवून देणे अगत्याचे असते. अन्यथा जोडणाऱ्यांचे श्रम विणणाऱ्यांइतकेच होतात.

यंत्रावर विणलेले स्वेटर स्वस्त झाल्यापासून नवी लोकर आणून घरी विणणे पैशाच्या दृष्टीने क्वचितच लाभाचे ठरते, कारण एका पांघरुणावर खर्ची पडणारा वेळ मोठा असतो. शिलकी लोकरीच्या बाबतीत मात्र साहित्याचा खर्च पूर्वीच झालेला असतो आणि न वापरलेला गुंडा हळूहळू कसरीच्या तोंडी जातो. म्हणून या विणकामाचे मोल वाचलेल्या पैशापेक्षा वाया न गेलेल्या सुतात व ते ज्याच्या अंगावर जाते त्याला मिळणाऱ्या उबेत मोजणे अधिक योग्य ठरते. नीट पारखून विणलेली वस्तू जुनी झाली, तरी ती पुन्हा उसवता येते व तिची लोकर दुसऱ्या वस्तूच्या कामी येते.